एक जागा, दोन गिऱ्हाईकं

परवा अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला. "दादा, जागा बहुतेक हातची जाणार." तो आणि त्याची बायको गावातल्या जुन्या बाजाररस्त्यावर छोटं उपाहारगृह काढणार होते. इमारत मोटारींच्या आधीची. खाली दुकान, वर बिऱ्हाडं. नगरपालिकेने विचारलं, पार्किंग कुठे आहे? शेजारी बँकेचं प्रशस्त पार्किंग आहे, पाचनंतर शुकशुकाट, आणि बँक लिहून द्यायलाही तयार. पण तिथल्या नियमात एक जागा दोघांच्या नावावर धरता येत नाही!

मला राहवेना. हा नियम आला कुठून ते शोधत बसलो.

१९२३ साली ओहायोतल्या कोलंबस शहराने नव्या अपार्टमेंट इमारतींना पार्किंग सक्तीचं केलं. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने हॉटेलं आणि हॉस्पिटलांना तीच अट घातली. युद्धानंतर ही साथ गावोगावी पसरली. तेव्हा हेतू वाईट नव्हता, रस्ते खरंच गाड्यांनी तुंबले होते. पण प्रत्येक धंद्याची स्वतंत्र गणती, तीही त्याच्या सर्वात गर्दीच्या तासाची. उपाहारगृहाला हजार चौरस फुटांमागे दहा गाड्या, असा आकडा बऱ्याच गावांत दिसतो. येण्याजाण्याची वाट धरून एका गाडीला तीनशेहून जास्त चौरस फूट लागतात. म्हणजे जेवणाऱ्यांपेक्षा गाड्यांना तिप्पट जागा! जुन्या पेठेत ती आणायची कुठून? शेजारची इमारत पाडून. कित्येक गावांच्या मधोमध असं डांबराचं मैदान झालं ते यामुळेही.

१९८३ मध्ये अर्बन लँड इन्स्टिट्यूटने 'शेअर्ड पार्किंग' नावाचं पुस्तक काढलं. त्यातली कल्पना कुठल्याही चाळकऱ्याला पटेल. समजा, ऑफिसला सकाळी अकराला १०० जागा लागतात आणि रात्री आठला १०. थिएटरला सकाळी २०, रात्री १००. नियमाने बेरीज २००. प्रत्यक्षात सकाळी १२०, रात्री ११०. म्हणजे १२० पुरेत. ८० जागांचं डांबर वाचलं. तास, वार, महिना यांप्रमाणे गर्दी कशी हलते, ते या मंडळींनी मोजून मांडलं. पुढे अनेक गावांनी हे नियमांत घेतलं, सगळ्यांनी नाही.

२००५ मध्ये त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी डोनाल्ड शूप या प्राध्यापकांचा 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हा ठोकळा. (सातशेवर पानं! मी निम्मी चाळली.) त्यांचं म्हणणं आणखी पुढचं: वाटून कसलं घेता, मुळात सक्तीच काढा. हे आकडे बरेचदा उपनगरांतल्या फुकट पार्किंगवरून काढलेले असतात, ते पेठेला लावायचेच कशाला? २०१७ मध्ये बफेलोने सक्ती काढली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांजवळ बहुतेक ठिकाणी ती उठवणारा कायदा केला. शूप गेले २०२५ मध्ये, हे बघून गेले.

मला मात्र वाटूनवालेच जवळचे वाटतात. सक्ती काढायला गाव तयार होईपर्यंत भावाचे पैसे संपतील. बँकेचं पत्र तर आजही तयार आहे.

असो. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तासातासाचा तक्ता मी करून पाठवलाय. मावशी, हे वाचत असलीस तर त्याला लगेच फोन करू नकोस, त्याने तुला एवढ्यात सांगायचं नाही म्हटलं होतं.