दाताचा ताप? आधी थर्मामीटर पाहा

महापे येथील मिलेनियम बिझनेस पार्क आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या अनेक मातांची प्रसूती रजा बाळ जेमतेम पाच-सहा महिन्यांचे होताच संपते. 2017 सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. त्यातील काही आठवडे बाळंतपणापूर्वीच खर्ची पडतात. नेमक्या याच सुमारास बाळाला पहिला दात येऊ लागतो. बाळ आजीजवळ किंवा पाळणाघरात असते आणि दुपारी फोन येतो, 'अंग कोमट लागतंय, दोनदा पातळ शी झाली. दात येतायत, काळजी करू नकोस.' हा दिलासा प्रेमापोटी दिलेला असला, तरी तो नेहमीच खरा नसतो.

दात केव्हा येतात?

साधारणपणे सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे मधले दोन दात दिसतात. चौथ्या ते बाराव्या महिन्यापर्यंतचा फरक स्वाभाविक मानला जातो. त्यानंतर वरचे मधले दात, बाजूचे दात, पहिल्या दाढा, सुळे आणि शेवटी दुसऱ्या दाढा असा क्रम असतो. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास 20 दुधाचे दात पूर्ण होतात. वरचे दात आधी आल्यास ते मामाला जड जाते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. क्रम थोडा मागेपुढे होऊ शकतो. मात्र पंधराव्या महिन्यापर्यंत एकही दात न दिसल्यास दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

खरी लक्षणे

लाळ गळणे, हाताला लागेल ती वस्तू चावणे, हिरडी लाल होऊन सुजणे, चिडचिड, झोपमोड आणि भूक किंचित कमी होणे ही दात येण्याची लक्षणे होत. दात वर येण्याच्या आधीचे व नंतरचे तीन-चार दिवस हा त्रास जाणवतो. अंग किंचित कोमट लागू शकते; परंतु 100.4 अंश फॅरनहाइट (38 अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक ताप, वारंवार जुलाब, उलट्या, खोकला किंवा अंगावर पुरळ यांचा दोष दातांना देता येत नाही.

मग हा समज एवढा दृढ कसा झाला? वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त दात येणे हे बालकाच्या सर्वच रोगांचे कारण सांगितले आहे. मात्र या त्रासात बाळावर उपचारांचा अतिरेक करू नये, असेही त्याने बजावले. यातील दुसरा सल्ला हिरड्यांच्या शिवशिवीपुरता आजही लागू पडतो. पहिले विधान मात्र टिकलेले नाही. आईकडून गर्भावस्थेत मिळालेली प्रतिकारद्रव्ये सहाव्या महिन्यापर्यंत बरीच ओसरतात, वरचे अन्न सुरू होते आणि बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालू लागते. त्यामुळे जंतुसंसर्ग आणि दात एकाच वेळी येतात, इतकेच.

आराम कसा द्यावा?

स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हलके चोळावी. स्वच्छ ओला रुमाल किंवा स्टीलचा चमचा फ्रिजमध्ये थंड करून द्यावा. चावण्याची रबरी रिंग फ्रीजरमध्ये दगडासारखी गोठवू नये आणि द्रव भरलेली रिंग टाळावी. लाळ वरचेवर टिपावी, लाळेरे ओले होताच बदलावे. कच्चे गाजर किंवा सफरचंदाची फोड देऊ नये; तुकडा श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते. वेदना फारच असल्यास डॉक्टरांनी बाळाच्या वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. येथे एक सावधगिरी हवी. थेंबांच्या बाटलीत एका मिलीलीटरमध्ये सहसा 100 मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पाच मिलीलीटरमध्ये 125 किंवा 250 मिलिग्रॅम. एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

काय टाळावे?

टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना लावण्याची पद्धत काही घरांत अद्याप आहे. टाकणखारामुळे बाळाला आकडी येऊ शकते आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. हिरडी बधिर करणारी मलमेही टाळावीत. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली दिला. सॅलिसिलेटयुक्त मलमे ब्रिटनमध्ये 2009 पासून सोळा वर्षांखालील मुलांसाठी निषिद्ध आहेत. गळ्यात मण्यांची माळ किंवा ताईत बांधणे गळफासाच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

ताप 100.4 अंशांवर गेल्यास, बाळ सारखा कान ओढत असल्यास, दूध नाकारल्यास किंवा श्वास जलद चालल्यास दाखवावे. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असल्यास असा ताप येताच विलंब करू नये. जुलाब होत असल्यास प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलीलीटर ओआरएस घोट-घोट पाजावे, स्तनपान थांबवू नये आणि झिंकबाबत डॉक्टरांना विचारावे. टाळू खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, सहा-आठ तास लघवी न होणे, शीत रक्त, ग्लानी किंवा आकडी यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक आहे.

कामावर रुजू होण्यापूर्वी मातेने बाळाच्या पिशवीत दुपट्यांसोबत डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. काखेत मोजलेले तापमान प्रत्यक्षापेक्षा थोडे कमी येते, हेही आजीला किंवा ताईंना सांगून ठेवावे. दुपारी फोन आला, तर 'दात दिसतोय का?' या प्रश्नाआधी 'ताप किती आहे आणि लघवी केव्हा झाली?' हे दोन प्रश्न विचारावेत.