लाकडी पुलांच्या तुळयांचे दृढीकरण

जुन्या लाकडी तुळईस तंतुप्रबलित बहुवारिकाच्या पट्ट्या चिकटवून तिची भारक्षमता वाढविण्याची पद्धत. भाराखाली तुळईचा वरचा भाग दाबला जातो, तर खालचा ताणला जातो. खालच्या भागात गाठ वा चीर असल्यास तुळई बहुधा तेथेच मोडते. म्हणून काच वा कार्बन तंतूंची पट्टी खालच्या पृष्ठावर एपॉक्सी रेझिनाने चिकटवितात.

नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या वनांत साग होतो. असे टिकाऊ लाकूड उपलब्ध असूनही पश्चिम भारतातील मोठ्या नद्यांवरील लाकडी पूल टिकले नाहीत. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये पुण्यात मुठा नदीवर बांधलेला लकडी पूल पुढे पुराने मोडला. त्या जागी दगडी पूल झाला. नाव मात्र जुनेच राहिले. अहमदाबादेत साबरमतीवर १८७०-७१ मध्ये उभारलेला लाकडी एलिस पूल १८७५ च्या पुरात वाहून गेला व १८९२ मध्ये तेथे पोलादी पूल झाला.

स्वित्झर्लंडमधील झिन्स येथे रॉइस नदीवर १८०७ मध्ये घोडागाड्यांसाठी बांधलेला आच्छादित लाकडी पूल मात्र राखला गेला. मोटारवाहतुकीच्या वाढत्या भारासाठी त्याच्या आडव्या तुळयांना १९९२ मध्ये कार्बन तंतूंच्या पट्ट्या लावण्यात आल्या.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पट्टीमुळे पूर अडत नाही व कुजणेही थांबत नाही. तुळई सर्व बाजूंनी वेष्टिल्यास ओल आत कोंडते. सागातील तेलकट द्रव्यांमुळे चिकटण पकड घेत नाही. म्हणून पृष्ठ ताजे रंधून लगेच पट्टी लावावी लागते. कुजका भाग काढणे व पाण्याचा निचरा साधणे ही कामे दृढीकरणाच्या आधीची होत.