जवळची जोखीम आणि लाखेची मोहोर

अलिबागहून दक्षिणेकडे निघालं आणि आक्षी मागं टाकली, की नागाव लागतं. त्याच्या पुढं चौल आणि रेवदंडा. अष्टागरातलं हे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांचं. वाडी भावाभावांत वाटली जाते, आणि वाटा लहान झाला की घरातला एखादा मुलगा मुंबईची वाट धरतो. त्यामुळं इथल्या पुष्कळ घरांचं एक दार वाडीकडं, तर दुसरं मुंबईकडं उघडत आलं आहे. मुंबईहून पैका यायचा. गावाहून नारळ, सुपारी, पोहे जायचे. आणि लग्नसराईच्या दिवसांत एखादी नथ किंवा पाटल्यांची जोडीही या दोन दारांमधून ये-जा करायची.

आजचं बोलणं त्या नथीविषयी आहे.

दागिन्याला आणि रोकडीला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: जोखीम. "जवळ जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको," असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. वस्तूलाच आपण धोक्याचं नाव देऊन टाकलं आहे. ही जोखीम स्वतः न नेता दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि ती बिनघोर पोहोचावी अशी अपेक्षा करायची, हे काम सोपं नव्हे. आपल्या लोकांनी ते निरनिराळ्या काळी कसं साधलं, ते पाहण्यासारखं आहे.

टपाल नव्हतं तेव्हा पहिला आधार ओळखीच्या माणसाचा. "मुंबईस कोणी जाणारं आहे का?" अशी आळीत चौकशी व्हायची. जाणारा सापडला की फडक्यात बांधलेली पुरचुंडी त्याच्या हवाली. त्यानं ती कनवटीला लावायची, नाहीतर पोह्यांच्या गाठोड्यात खोल दडवायची. पावती नाही, साक्षीदार नाही. सगळा भरवसा माणसाच्या नीतीवर आणि समुद्राच्या मर्जीवर. पावसाळा लागला की गलबतं किनाऱ्याला ओढली जात, ती नारळी पौर्णिमा होईपर्यंत. तोवर उरे खुष्कीची लांबची वाट.

व्यापाऱ्यांची रीत वेगळी होती. हिरेमाणकं आणि रोकड नेण्यासाठी त्यांच्याकडे आंगडिये असत. हा धंदा आजही मुंबई-सुरत मार्गावर चालतो. दुसरी सोय हुंडीची. इथल्या पेढीवर पैसे भरावेत आणि तिथल्या पेढीवर चिठ्ठी दाखवून घ्यावेत. वाटेत नाणं जायलाच नको. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, ती 'परपेठ'. 'जोखमी हुंडी' म्हणून एक प्रकार होता. ती जहाजावर चढवलेल्या मालापोटी लिहिली जाई, आणि माल बंदराला सुखरूप लागला तरच तिचे पैसे मिळत. म्हणजे विम्याची कल्पना आपल्याकडे साहेबाबरोबर आली असं मुळीच नाही. व्यापाऱ्यांना एक गोष्ट कळली होती: नुसतं लपवल्यानं वस्तू सुरक्षित होत नाही, लिहून ठेवल्यानं होते.

पण हुंडी चाले पैशाची. नथीची हुंडी होत नाही. मुलीच्या अंगावर आजीचीच नथ घालायची असेल, तर तिची किंमत पोहोचून भागत नाही, तीच नथ पोहोचावी लागते.

आंग्र्यांचं कुलाबा संस्थान इंग्रजांनी १८४० साली खालसा केलं. त्यानंतर चौदा वर्षांनी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, हिंदुस्थानभर टपालाचा एकच दर सुरू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग पत्र शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. अंतराचा हिशेब सुटला आणि साध्या माणसाला टपाल परवडू लागलं. जिथं गाडीची वाट नाही तिथं पिशवी पाठीवर घेऊन हरकारे धावत. हातात भाला, त्याला घुंगरं. त्या आवाजानं जनावर दूर राही आणि पुढच्या टप्प्यावरचा गडी तयार राही.

त्या काळी मौल्यवान वस्तू टपालानं पाठवताना लोक काय युक्ती करीत, ते ऐकून नवल वाटेल. १८६१ च्या कायद्यानं सरकारी नोटा सुरू झाल्या, आणि लोक त्या नोटा मधोमध कापून पाठवू लागले! अर्धी नोट आजच्या टपालानं जायची. "पोहोचली" असं उत्तर आलं की उरलेली अर्धी पाठवायची. वाटेत कुणी पाकीट फोडलंच, तर त्याच्या हाती निरुपयोगी तुकडा लागे. ज्याला नोट मिळे तो दोन तुकड्यांवरचे क्रमांक जुळवून पाही. उशीर लागे, पण निर्धास्तपणा असे. आज शाळेत मुलांना हे सांगून पाहा, त्यांना गंमतही वाटेल आणि मुद्दाही कळेल. पलीकडून पोहोच आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, एवढीच त्यातली खुबी.

मात्र नथ कापता येत नाही. तिच्यासाठी दुसरी तजवीज हवी होती, आणि ती थोड्याच वर्षांत झाली. १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत आली. वस्तू हाती घेताना पैसे मोजायचे. १८७८ साली टपालाच्या विम्याची सोय झाली. १८८० च्या आरंभी मनिऑर्डरीचं काम टपालखात्यानं हाती घेतलं. त्याआधी ते सरकारी तिजोऱ्यांमार्फत चाले. मनिऑर्डर कोकणाला किती जवळची झाली, हे मी सांगायला नको. पोस्टमन दारात येऊन रोख पैसे मोजून देई, कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवी, आणि सही केलेली पोहोच मुंबईच्या चाळीत परत जाई.

आता आपल्या नथीकडं येऊ. धरा, नागावच्या एका घरातून गिरगावातल्या भाचीच्या लग्नासाठी नथ पाठवायची आहे. विम्याच्या टपालाची रीत अशी. नथ कापसात घालून मजबूत डबीत ठेवायची, म्हणजे ती खुळखुळणार नाही. डबी कापडात घट्ट शिवायची. जिथं जिथं शिवण किंवा सांधा आहे, तिथं तिथं लाख वितळवून मोहोर उठवायची. सगळी लाख एकाच जातीची, आणि सगळ्या मोहरा एकाच खाजगी शिक्क्याच्या. चालू नाणं दाबून मोहोर उठवलेली चालत नसे, नुसत्या उभ्या-आडव्या रेघांचीही चालत नसे. का? तर तसलं नाणं चोराच्याही खिशात असतं. लाख फोडून तो पुन्हा तशीच मोहोर उठवू शकेल. तुमच्या नावाचा शिक्का मात्र त्याच्याकडं नसतो.

मग विम्याची रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची. डाकघरात पुडक्याचं वजन काटेकोर घ्यायचं आणि ते नोंदवायचं. पुढं कुणी नथ काढून खडा भरला, तर वजनातला फरक त्याला उघडा पाडील. विमाही खऱ्या किमतीइतकाच. शंभराच्या वस्तूवर पाचशेचा विमा उतरवला, तरी भरपाई मिळायची ती शंभराचीच.

इथून नथ हातांच्या साखळीतून जाते. गावच्या डाकघरात पावती होते. बंद पिशवीबरोबर यादी जाते. पुढच्या ठिकाणी पिशवी उघडणारा मोहोर पाहतो, वजन ताडून घेतो, सही करतो, आणि त्याच्या सहीबरोबर जबाबदारी त्याच्याकडे येते. प्रत्येक हात आधीच्या हाताची तपासणी करतो. वस्तू कुठं बिघडली, हे त्या सह्यांवरून शोधता येतं. ओळखीच्या माणसाच्या कनवटीत एकाच माणसाची नीती राखणदार होती. इथं अनोळखी पाचसात माणसं, पण प्रत्येकाच्या मागं एक नोंद.

आता साखळीतला शेवटचा हात, म्हणजे घेणारा. लोक नेमके इथंच चुकतात. पुडकं आलं या आनंदात सही आधी आणि पाहणी मागाहून! आधी मोहरा पाहाव्यात. एखादी फुटली असेल, शिवण उसवलेली दिसत असेल, तर सही न करता ती गोष्ट तिथल्या तिथं सांगावी, वजन करायला लावावं, आणि डाकघरातच सर्वांसमक्ष उघडून घ्यावं. "सर्व ठीक मिळालं" अशी सही एकदा झाली, की मागाहूनच्या तक्रारीचं बळ ओसरतं.

आणि ज्याला सहीच येत नाही त्याचं काय? त्याचा अंगठा घ्यायचा तो साक्षीदारासमोर, अशी रीत ठेवली होती. खेड्यात हा साक्षीदार पुष्कळदा शाळेचे गुरुजी असत. इतकंच नव्हे, कित्येक गावांत शाखा डाकघरच गुरुजींकडे असे. शाळा सुटली की ओटीवर टपालाची पेटी उघडायची. पत्र वाचून दाखवणं, मनिऑर्डरीचा फॉर्म भरणं, अंगठ्याला साक्ष राहणं, ही कामं पगाराच्या हिशेबात न बसणारी. पण म्हाताऱ्या आईचा पैसा तिच्याच हाती पडला की नाही, हे त्या एका साक्षीवर अवलंबून असे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा वारसा आठवावा, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एवढी व्यवस्था असूनही लोकांना मोह पडे तो लपवण्याचा. "विम्याचे पैसे कशाला? लाडवांच्या डब्यात घालू, कुणाला कळणार आहे?" डबा पोहोचला तर आपण स्वतःला शहाणे समजतो. पण न पोहोचला तर? टपालखात्याच्या कागदावर तो लाडवांचा डबा असतो. आत नथ होती, हे सांगायला एकही अक्षर साक्षीला नाही. १८९८ च्या टपाल कायद्यानं स्पष्ट केलं होतं, की खात्यानं जबाबदारी जेवढी उघडपणे पत्करली तेवढीच त्याच्यावर. ठराविक मौल्यवान वस्तूंना विमा सक्तीचा करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात होता. तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. तरी तत्त्व बदललेलं नाही. खात्यावर जबाबदारी येते ती नियमांत लिहिलेली असेल तेवढीच.

बाकी पुष्कळ बदललं. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ पासून रायगड झालं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि अलिबागच्या पत्त्याला ४०२२०१ हा आकडा चिकटला. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. पुडकं कुठवर आलं, हे आता हातातल्या फोनवर दिसतं. पैसा तर बोटाच्या एका टोचणीसरशी मुंबईहून नागावला येतो. पण नथ अजूनही डबीतूनच जाते, आणि फोन तिची जागा सांगतो, किंमत सांगत नाही. ती तुम्हीच सांगावी लागते. तेव्हा टपालानं पाठवा की खाजगी कुरियरनं, चार गोष्टी विचारून घ्या. ही वस्तू तुम्ही स्वीकारता का? विमा किती रकमेपर्यंत? पावतीवर किंमत लिहिणार का? हरवली तर तक्रार किती दिवसांत करायची? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. नथीचा फोटो, तिचं वजन आणि सोनाराची पावती घरी जपून ठेवा. पुडक्यावर बाहेरून "दागिना" असं लिहू नका. किंमत सांगायची ती खिडकीपलीकडच्या माणसाला आणि कागदाला.

आपल्याकडे कित्येक घरांत बाईच्या अंगावरचं सोनं हीच साऱ्या घराची शिल्लक असते. आजारपण, शाळेची फी, वाडीची दुरुस्ती, सगळं त्यावरच निघतं. ती शिल्लक चार पैसे वाचवण्यासाठी लाडवांच्या डब्यात दडवणं परवडणारं नाही. हुंडीवाल्यांनी पेठ-परपेठ लिहिली, नोटा कापणाऱ्यांनी अर्ध्या तुकड्याच्या पोहोचेची वाट पाहिली, टपालानं लाखेवर मोहोर उठवली. त्या सगळ्यांनी एकच केलं: जोखीम उघडपणे सांगितली आणि तिची नोंद करून ठेवली.

उद्या नागावहून भाचीची नथ निघेल तेव्हा हे ध्यानात असू द्या. आणि गिरगावच्या भाचीलाही दोन ओळी आधी कळवा, की बाई, मोहरा बघितल्याशिवाय सही करू नकोस.