नैराश्यरोधी औषधे थांबवणे

नैराश्यरोधी औषधे थांबवणे म्हणजे नैराश्य, चिंताविकार किंवा मंत्रचळ यांसाठी घेतलेली औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करून बंद करणे. काही आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले औषध एकाएकी सोडल्यास अनेकांना शारीरिक व मानसिक त्रास होतो. या त्रासाला औषधविराम लक्षणे म्हणतात. ही लक्षणे मूळ आजारासारखी भासू शकतात. त्यामुळे औषध केव्हा, किती वेगाने आणि कोणाच्या सल्ल्याने थांबवावे, हा उपचाराचाच एक भाग मानला जातो.

इतिहास

स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलँड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरील परिणाम प्रसिद्ध केला. ते थांबवल्यानंतर उद्भवणाऱ्या लक्षणांची नोंद वैद्यकीय साहित्यात १९५९ मध्येच आढळते. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली आणि पुढे सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या औषधांचा वापर जगभर वाढला. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या लक्षणसमूहाची स्वतंत्र नोंद झाली.

कारणे

सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन आहे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाला अडवतात. औषध दीर्घकाळ चालू राहिले की मेंदू या स्थितीशी जुळवून घेतो. औषध एकदम काढून घेतल्यास पुन्हा जुळवून घेण्यास त्याला वेळ मिळत नाही आणि लक्षणे उद्भवतात.

हे व्यसन नव्हे. व्यसनातील अनावर ओढ आणि मात्रा वाढवत नेण्याची प्रवृत्ती येथे आढळत नाही. शरीराला औषधाची सवय मात्र होते.

औषध शरीरात किती काळ टिकते यावर लक्षणांची तीव्रता बरीचशी अवलंबून असते. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांच्या बाबतीत त्रास अधिक आढळतो. फ्लुऑक्सेटिन व त्यापासून शरीरात तयार होणारा क्रियाशील घटक अनेक दिवस, कधी काही आठवडे टिकतात. त्यामुळे लक्षणे सौम्य असतात किंवा उशिरा सुरू होतात.

लक्षणे

लक्षणे सामान्यतः मात्रा घटवल्यानंतर किंवा औषध बंद केल्यानंतर काही दिवसांत सुरू होतात. प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे :

• चक्कर, तोल जाणे, मळमळ
• घाम, थकवा, अंगदुखी, तापाची कसर असल्यासारखे वाटणे
• निद्रानाश, ठसठशीत किंवा भीतिदायक स्वप्ने
• डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी क्षणिक संवेदना, हातापायांना मुंग्या
• चिडचिड, रडू येणे, अस्वस्थता, चिंता

बहुतेकांमध्ये ही लक्षणे काही आठवड्यांत ओसरतात. काही रुग्णांमध्ये ती महिनोन्‌महिने टिकल्याचेही नोंदले गेले आहे.

आजार उलटण्यापासून वेगळेपण

उदासी, चिंता व निद्रानाश ही लक्षणे दोन्ही अवस्थांत दिसत असल्याने निदानात चूक होण्याचा संभव असतो. औषधविरामाचा त्रास झाला असता आजार उलटला असे समजल्यास रुग्णाला गरज नसताना वर्षानुवर्षे औषध चालू राहू शकते. उलट, खरोखर उलटलेल्या आजाराकडे तात्पुरता त्रास म्हणून दुर्लक्ष केल्यास जिवाला धोका संभवतो.

फरक ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या जातात. औषधविराम लक्षणे मात्रा घटवल्यानंतर लवकर येतात, तर आजार सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू उलटतो. विजेच्या झटक्यासारखी संवेदना व चक्कर ही मूळ नैराश्याची लक्षणे नाहीत. तसेच पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू केल्यास औषधविराम लक्षणे बहुधा काही दिवसांतच शमतात.

मात्रा कमी करण्याची पद्धत

नैराश्याची लक्षणे गेल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. आजार वारंवार उलटला असल्यास हा काळ अधिक असतो. परीक्षा, बाळंतपण, स्थलांतर किंवा घरातील मृत्यू अशा ताणाच्या काळात औषध थांबवणे शक्यतो टाळले जाते.

मात्रा व तिचा मेंदूवरील परिणाम यांचे प्रमाण सरळ नसते. सिटॅलोप्रॅमची मात्रा ४० मिलिग्रॅमवरून २० मिलिग्रॅमवर आणली, तरी अडवलेल्या वाहक प्रथिनांचे प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर, म्हणजे थोडेच, उतरते. शेवटच्या ५ मिलिग्रॅमवरून एकदम शून्यावर आल्यास मात्र ते जवळपास ६० टक्क्यांवरून शून्यावर येते. मार्क हॉरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकायॅट्री' या नियतकालिकात या आधारे असे मांडले की, मात्रा जसजशी कमी होईल तसतसा प्रत्येक टप्पाही लहान करावा. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही (२०२२) आधीच्या मात्रेच्या ठरावीक हिश्श्याने, उदाहरणार्थ प्रथम निम्म्याने व पुढे चतुर्थांशाने, घट करण्याचा पर्याय दिला आहे. एका टप्प्याचा त्रास निवळल्यावर किंवा सुसह्य झाल्यावरच पुढचा टप्पा घेतला जातो. यास काही आठवडे, तर कधी अनेक महिने लागतात.

एक दिवसाआड गोळी घेणे ही प्रचलित युक्ती लवकर निघून जाणाऱ्या औषधांसाठी योग्य नाही, कारण त्यामुळे रक्तातील प्रमाण रोज वरखाली होते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या डॉक्टर वा औषधविक्रेत्याला विचारल्याशिवाय तोडू किंवा कुटू नयेत.

विशेष सावधगिरी

भारतात एस्सिटॅलोप्रॅम व क्लोनाझेपाम यांची एकत्रित गोळी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती अचानक सोडल्यास क्लोनाझेपामच्या अभावी झटके येण्याचाही धोका असतो. अशा वेळी दोन्ही औषधांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. गर्भधारणेची चाहूल लागताच स्वतःहून औषध बंद करणेही धोक्याचे ठरू शकते.

जीवनाविषयी निराशेचे किंवा आत्महत्येचे विचार येऊ लागल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. केंद्र शासनाची 'टेलीमानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

महाराष्ट्रातील संदर्भ

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. ज्यांना ते मिळतात, त्यांच्यापुढे सातत्याचा प्रश्न असतो. मनोविकारतज्ज्ञ मुख्यतः शहरांत एकवटलेले आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, परंतु या भागासाठीचे जुने प्रादेशिक मनोरुग्णालय ठाणे शहरात आहे. सूर्या नदीकाठच्या मासवणसारख्या गावातील रुग्णाला तज्ज्ञाच्या भेटीसाठी रोजगाराचा खाडा करून शहर गाठावे लागते. अशा परिस्थितीत गोळ्या संपल्या म्हणून औषध आपोआप बंद पडणे, हे ठरवून थांबवण्याइतकेच महत्त्वाचे कारण ठरते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत यंत्रावर काम करणाऱ्या किंवा वाहन चालवणाऱ्या व्यक्तीला चक्कर येणे अपघातास निमंत्रण देणारे असल्याने मात्रा घटवताना तिच्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना ठाऊक असणे हिताचे असते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्र व त्यावरील शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मतभेद

औषधविराम लक्षणे किती जणांना होतात, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. जेम्स डेव्हिस व जॉन रीड यांच्या आढाव्यात हे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात औषध थांबवणाऱ्यांपैकी ३१ टक्के, तर निष्क्रिय गोळी थांबवणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांनी लक्षणे सांगितली. त्यावरून प्रत्यक्ष औषधामुळे होणाऱ्या त्रासाचे प्रमाण सुमारे सहा-सात जणांत एक असे काढण्यात आले. यातील बरेचसे अभ्यास अल्पकाळ औषध घेतलेल्या रुग्णांचे होते, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

औषध थांबवण्याच्या निष्पत्तीविषयी २०२१ मधील एका ब्रिटिश चाचणीत दीर्घकाळ औषध घेणारे, पण बरे वाटणारे ४७८ रुग्ण होते. वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा, तर चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार उलटला. म्हणजेच औषध थांबवल्याने धोका वाढतो हे खरे असले, तरी थांबवणाऱ्यांपैकी बरेच जण त्या काळात बरेच राहिले. त्यामुळे हा निर्णय सरसकट नियमाने न करता रुग्णाचा पूर्वेतिहास, घरचा आधार व त्याची इच्छा पाहून घेतला जातो.