'नेसणे'तला 'नि' आणि 'गिव्ह अप'मधला 'अप'

येवल्याच्या पैठणीच्या दुकानात शिर्डीहून वाट वाकडी करून आलेले परप्रांतीय येतात, तशी परदेशातून सुटीला आलेली मराठी कुटुंबंही येतात. त्यामुळे गादीवर थोडंफार इंग्रजी चालतंच. पदर उलगडून दाखवणाऱ्याला 'ट्राय ऑन' आणि 'ट्राय आउट' यांतला फरक कोणी शिकवलेला नसतो. कानावर पडलंय तसं तो बोलतो आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतो. अडतो तो वहीतून इंग्रजी शिकलेला. त्याच्या वहीत 'गिव्ह'खाली अप, इन, अवे, आउट अशी रांग असते आणि समोर पाठ करायचे अर्थ. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. मग दोन्ही मिळून 'सोडून देणे' कसं झालं, हे वही सांगत नाही.

त्याचा एक जुना धागा इंग्लंडच्या पूर्वेला, पीटरबरोच्या मठात सापडतो. तिथल्या भिक्षूंच्या बखरीत ११५४च्या सुमारास स्टीफन राजाच्या बेबंदशाहीची हकीकत लिहिली गेली. राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि लिंकनचा बिशप अलेक्झांडर यांना कैदेत टाकलं आणि त्यांनी आपले किल्ले हवाली करेपर्यंत सोडलं नाही. या 'हवाली करण्या'साठी बखरकाराने 'गिव्ह'चं तेव्हाचं रूप आणि त्यानंतर 'अप' असे दोन शब्द वापरले आहेत. अशा जोडीच्या अगदी जुन्या लेखी नमुन्यांपैकी हा एक. त्याआधीच्या इंग्रजीत हे छोटे शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी येत, कधी त्याला चिकटून. 'अंडरस्टँड' आणि 'फरगिव्ह' हे त्या चालीचे उरलेले वंशज. पण पीटरबरोचा मुलूख डेन लोकांच्या वस्तीचा होता. त्यांच्या नॉर्स भाषेत छोटा शब्द क्रियापदानंतर यायचा, आणि 'गेफा उप्प' ही जोडी त्यांच्याकडे होतीच. तरी सगळं श्रेय डेनांना देऊ नये. इंग्रजीची स्वतःची वाक्यरचनाही त्याच काळात बदलत होती.

१०६६मध्ये नॉर्मन आले आणि पुढच्या काही शतकांत फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा लागला. 'गिव्ह अप'च्या शेजारी 'सरेंडर' येऊन बसला, 'गो ऑन'शेजारी 'कंटिन्यू', 'गो अप'शेजारी 'असेंड'. भारदस्त शब्द दरबारात आणि कागदावर, जोड्या घरात आणि बाजारात, अशी वाटणी झाली. आपल्याकडे इंग्रजी आलं ते कचेरी आणि शाळेच्या वाटेने. म्हणून मराठी कारकुनाला 'कंटिन्यू' सोपा वाटतो आणि 'गो ऑन' अवघड. खुद्द इंग्रजाच्या पोराचं बरोबर याच्या उलट असतं.

१७५५मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्यांची दखल घेतली आणि परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास यांचाच होतो, असं बजावलं. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'सेट ऑफ' आहे, अर्थ शोभा आणणे. पैठणीच्या अंगाला काठ जे करतो, ते हेच. त्याच्या आधी कवी ड्रायडनने १६७२मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांच्या शेवटी लोंबणाऱ्या छोट्या शब्दांना नावं ठेवली होती आणि पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्यंही दुरुस्त केली होती. पंडितांचा हा सोवळेपणा बाजाराने मनावर घेतला नाही, हे बरंच झालं. एवढ्या जुन्या कुळाला 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र १९२५मध्ये छापून आलं, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं त्याने तिथेच सांगितलं.

आपण मात्र या जोड्यांकडे परक्यासारखं बघायचं कारण नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली सातवी ऋचा बघावी. तिथे 'उप' ओळीच्या तोंडाशी आहे आणि त्याचं क्रियापद पार शेवटाला. पाणिनी नियम सांगतो की उपसर्ग धातूच्या आधी यावा. आणि लगेच पुढे नोंदवतो की वेदांत तो धातूनंतरही येतो, आणि मध्ये दुसरे शब्दही घुसतात. 'टर्न इट ऑफ'मध्ये 'इट' जसा मध्ये शिरतो, तसंच हे. एवढंच नाही. हा छोटा शब्द क्रियापदाचा की पुढच्या नामाचा, हा वादही पाणिनीने हाताळला आहे. क्रियापदाचा तो उपसर्ग, नामाशी नातं सांगणारा तो कर्मप्रवचनीय. 'लुक ओव्हर द वॉल' म्हणजे भिंतीवरून डोकावणे. इथे 'ओव्हर' भिंतीचा. 'लुक ओव्हर द बिल' म्हणजे बिल नजरेखालून घालणे. इथे तो 'लुक'चा. म्हणून बिलाच्या बाबतीत 'लुक इट ओव्हर' चालतं, भिंतीच्या बाबतीत नाही.

पुढे संस्कृतात उपसर्ग धातूला कायमचा चिकटला. आहार, विहार, प्रहार, संहार ही माळ शाळेत सगळ्यांनीच म्हटली आहे. प्राकृतातून मराठीत येईपर्यंत तर तो इतका झिजला की ओळखू येईना. 'उपविश्'चं झालं बैसणे, मग बसणे. 'उप'मधला फक्त 'ब' उरला. उत् आणि स्था मिळून उठणे, आ आणि नी मिळून आणणे. 'देव पावला'मधल्या पावण्यात 'प्र' आहे. व्यापारी पैठणी विकतो त्या विकण्यात 'वि' आहे, आणि बाई ती नेसते त्या नेसण्यात 'नि'. शर्ट घालतात, दागिना लेतात, पण लुगडं आणि धोतर नेसतातच. 'नेसणे' हा 'नि' आणि 'वस्'चा वंशज.

उपसर्ग असा गिळून टाकल्यावर मराठीने त्याचं काम दुसऱ्या बाजूने भरून काढलं, क्रियापदामागे दुसरं क्रियापद जोडून. पैठणीच्या गादीवर ते सारखं ऐकू येतं. "घडी मोडून दाखवा." "नेसून बघा, ताई." आणि दोन तास पंचवीस पैठण्या पाहून झाल्यावर सोबतची वहिनी वैतागून म्हणते, "घेऊन टाक गं एकदाची!" या 'टाक'मध्ये फेकणं कुठेच नाही, जसं 'गिव्ह अप'मधल्या 'अप'मध्ये वर जाणं नाही. दोघांनी आपला मूळ अर्थ सोडला आणि 'काम एकदाचं संपव' एवढाच ठेवला. 'देऊन बसलो'मधला पश्चात्ताप आणि 'देऊन ठेवलं'मधली पुढची तजवीज इंग्रजीच्या छोट्या शब्दांना सहसा साधत नाही. तिथे आपलं पारडं जड आहे. ही चाल द्राविडी भाषांतही भरपूर आहे. १९५६मध्ये भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी भारताला एक भाषिक क्षेत्र म्हटलं, ते कुळं वेगळी असूनही शेजारामुळे जुळलेल्या अशाच सवयी पाहून.

आता इंग्रजी जोड्या आपल्याकडे घाऊक येताहेत: सेटअप, बॅकअप, चेकआउट, ब्रेकअप. इंग्रज 'पिक हिम अप' म्हणताना जोडी फोडून मध्ये माणूस बसवतो. येवल्यात म्हणतात, "पाहुण्यांना स्टँडवरून पिकअप कर." जोडी फुटत नाही, 'अप' 'पिक'ला चिकटतो, दोघांचं मिळून एक नाम होतं आणि क्रियापदाचं ओझं 'कर' उचलतो. शूटिंग संपलं की 'पॅकअप झालं'. यात 'अप' म्हणजे काय, असं कोणी विचारत नाही, आणि 'नेसणे'तल्या 'नि'बद्दलही नाही.