संगणकजालातील घटना-संदेश : कालनिर्देश व अर्थनिर्णय

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला सालाविना पत्राची अडचण परिचित आहे. जुन्या मोडी पत्रांत पुष्कळदा ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तारीख व मुसलमानी महिना एवढेच आढळते. लिहिणारा व वाचणारा एकाच वर्षात वावरत असल्यामुळे साल लिहिण्याचे प्रयोजन नसे. पुढे १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. अशा संपादनात मजकुरातील व्यक्ती व प्रसंग यांवरून सालाचा निर्णय करणे, हे एक महत्त्वाचे कार्य होऊन बसले.

त्याच जातीचा प्रश्न आज पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतील तळवडे येथे, औद्योगिक विकास महामंडळाच्या सॉफ्टवेअर पार्कसारख्या ठिकाणी उपस्थित होतो. संगणकांना जोडणारी उपकरणे अहोरात्र घटनांच्या नोंदी करीत असतात. या नोंदींचा अर्थ कसा लावावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अशा नोंदींची सिसलॉग ही पद्धती १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालयंत्रणेसाठी निर्माण केली. पुढे इतर यंत्रणांनी ती उचलली. तथापि दीर्घकाळ तिला लिखित नियम नव्हता. २००१ चा आर.एफ.सी. ३१६४ हा दस्तऐवज प्रचलित रूढीचे केवळ वर्णन करतो. त्यातील कालनिर्देशात महिना, दिवस व वेळ आहे; साल नाही. २००९ च्या आर.एफ.सी. ५४२४ ने सालाची व प्रमाणवेळेतील अंतराची व्यवस्था केली. भाषेप्रमाणे येथेही रूढी आधी व व्याकरण मागाहून आले.

आता मजकुराकडे वळू. गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ श्रेणी आहेत. अंक जितका लहान, तितकी बाब गंभीर. सिस्को कंपनीच्या उपकरणांतील ‘लिंक-३-अपडाऊन’ या संदेशात पहिले पद उपव्यवस्थेचे, अंक गांभीर्याचा व अखेरचे पद घटनेचे नाव होय. तार निसटून जोड तुटला, तर हा संदेश उमटतो. उलट व्यवस्थापकाने आज्ञा देऊन तोच जोड बंद केला, तर ‘लिंक-५-चेंज्ड’ उमटतो. दळणवळण दोन्ही प्रसंगी थांबलेलेच असते. पहिल्यात कर्ता अज्ञात असतो, दुसऱ्यात मानवी आज्ञा गृहीत असते. परंतु तुटलेला जोड पुन्हा सुरू झाला, तरी पहिल्या संदेशातील अंक ३ च राहतो. म्हणजे श्रेणी ही संदेशाच्या जातीला लावलेली असते, प्रत्येक प्रसंगाला नव्हे. केवळ अंक पाहून निष्कर्ष काढणारा वाचक येथे फसतो.

कालनिर्देशाची बाब याहून नाजूक आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. घड्याळ जागतिक वेळेवर ठेवलेल्या उपकरणात ४ तारखेच्या १८ वाजून ४५ मिनिटांची नोंद असेल, तर तळवड्यात ती घटना ५ तारखेला, मध्यरात्रीनंतर पंधरा मिनिटांनी घडलेली असते. हे ध्यानी न घेतल्यास एका पाळीतील बिघाडाचा दोष दुसऱ्या पाळीतील माणसावर येतो. घड्याळ विश्वसनीय नसेल, तर सिस्कोची उपकरणे वेळेआधी तारकाचिन्ह घालतात. आपल्या साक्षीविषयी साक्षीदारानेच दिलेली ही कबुली दुर्लक्षिणे योग्य नव्हे.

शिवाय उपकरणाच्या स्मृतीतील जागा मर्यादित असते. ती भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. म्हणून या नोंदी अन्यत्र जतन करताना साल, प्रमाणवेळ व उपकरणाची ओळख त्याच वेळी जोडणे अवश्य आहे. पत्रात जे वगळले होते, ते संपादकांना मागाहून परिश्रमाने शोधावे लागले. या नोंदींच्या बाबतीत ते आजच लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.