पितळी तपेले आणि तान्ह्याचे दूध

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या वर्षी आपल्या मंडळात बालरोगतज्ज्ञ बाईंचे व्याख्यान झाले, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ती आपल्या स्वयंपाकघराच्या इतिहासातली आहे. म्हणून ती सांगण्याचा थोडासा अधिकार मलाही आहे असे वाटते.

माझे दोन मामा मी पाहिलेच नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी, एक १९५८ साली व दुसरा १९६१ साली, दोघेही दीड-दोन वर्षांचे होऊन गेले. आई सांगे, मूल आधी किरकिर करू लागे, अन्नावरची वासना जाई, मग पोट फुगून टणक होई आणि शेवटी डोळे पिवळे पडत. 'पोराला यकृत झाले' एवढेच लोक म्हणत. आजीने दृष्टी काढल्या, नवस केले, वैद्यांच्या सांगण्यावरून भुईआवळीचा आणि कोरफडीचा रस पाजला. काही उपयोग झाला नाही.

हा आजार आपल्या देशात जुनाच. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याची नोंद केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्याचे कारण नेमके कळेना. कोणी आहाराला दोष दिला, कोणी जंतूंना, कोणी आनुवंशिकतेला. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले जात, म्हणून घराण्याला शाप आहे असेही म्हटले जाई.

१९७८-७९ च्या सुमारास या मुलांचे यकृत तपासले, तेव्हा त्यात तांबे सापडले, आणि तेही निरोगी यकृतापेक्षा कितीतरी पट अधिक! मग इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी मिळून शोध घेतला. त्यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचे दूध कितव्या महिन्यापासून दिले? ते कोणत्या भांड्यात तापवले? कोणत्या भांड्यात ठेवले? उत्तर आयांच्या चुलीपाशीच होते. आजारी मुलांना अगदी लहानपणापासून गाई-म्हशीचे दूध सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातले होते. १९८३ साली हे संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. दुधातले केसिन नावाचे प्रथिन भांड्यातले तांबे ओढून घेते. साध्या पाण्यात ते तितके उतरत नाही. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाला ते नीट साधत नाही, शिवाय जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा अधिक असतो. सगळ्याच मुलांना आजार होत नसे, त्यामुळे काही आनुवंशिक दोषही जोडीला असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले.

बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, चिंचेचे सार कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. आंबट पदार्थ चवीने आणि हिरव्या रंगाने ओरडून सांगतो. दूध मात्र काहीच सांगत नाही. आजीचे अंगावरचे दूध कमी पडे, म्हणून चौथ्या महिन्यापासून ती गाईचे दूध देई. ते तापायचे पितळी तपेल्यात आणि दिवसभर राहायचेही त्यातच. कल्हईवाला गावात वर्षाकाठी एकदा येई. कथलाचा तो पातळ थर घासून घासून केव्हाच निघून जाई. म्हणजे एका हाताने ती मुलाला रस पाजत होती आणि दुसऱ्या हाताने, नकळत, तांबे.

युरोपातही असेच घडले होते. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृताच्या विकाराने दगावली. तिथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात दूध उकळत. भांडी बदलली आणि आजार गेला.

पुण्याच्या डॉक्टरांनी पेनिसिलामाइन हे औषध देऊन पाहिले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. आजार लवकर ओळखला तर त्याने काही मुले वाचली. उशीर झाल्यावर फारसे हाती लागत नसे. खरा गुण आला तो बाळाला आईचे दूध मिळाल्याने आणि घरोघरी स्टीलची भांडी आल्याने. आज हा आजार क्वचितच दिसतो.

हल्ली पुन्हा 'अंगातले धातू बाहेर काढणारे' काढे आणि चूर्णे घरोघरी येऊ लागली आहेत, म्हणून हे सांगावेसे वाटले. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. औषधी वनस्पतींना मी नावे ठेवत नाही. पण पुडीत काय आहे हे कळल्याशिवाय ती मुलाच्या तोंडात घालू नये. आहाराचा उपयोग आहेच. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले, म्हणजे नाचणी, तीळ, पालेभाज्या, दूध पोटात गेले, तर शिसे अंगात कमी मुरते. पण मुरलेले शिसे भाजीने निघत नाही. शंका आली की डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. आणि बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध द्यावे.

आजी १९९९ साली गेली. 'माझ्या नशिबी मुलगे नव्हते,' असे ती शेवटपर्यंत म्हणे. नशिबाचा दोष नव्हता, तिचाही नव्हता. हे तिला कळले असते तर बरे झाले असते की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. ते तपेले आता माझ्या घरी आहे. दिवाळीला चिंच लावून घासते, लख्ख करते आणि पुन्हा फळीवर ठेवते. दूध मात्र त्यात कधी तापवत नाही.

जे आजीला कोणी सांगितले नाही, ते एकमेकींना सांगण्यासाठीच आपले मंडळ आहे. त्याची उत्तरोत्तर भरभराट होवो.